अंबुबाईंची साक्ष

मल्लेश्वरम, बेंगळूर
३ फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप गं. भा. सासूबाईंच्या चरणी प्रमोदिनीचा साष्टांग नमस्कार.

चार वर्षांनी सुनेचं पत्र आलेलं पाहून तुम्ही दचकाल. संकेश्वरला टपाल दुपारी येतं आणि त्या वेळी तुमचे चिरंजीव दुकानात असतात, ही आठवण धरून लिहिते आहे. पत्र वाचून दाखवायला कुणी विश्वासाचं माणूस मिळो.

१९५३ च्या संक्रांतीनंतर तुम्ही मला मोटारस्टँडवर पोचवायला आला होतात. महिनाभर माहेरी राहून हवापालट करायचा, मग ते न्यायला येतील, असं ठरलं होतं. महिन्याची दोन वर्षं झाली. मग हुक्केरीचे एक व्यापारी बाबांना भेटले आणि म्हणाले, "नागनाथराव, तुम्हाला ठाऊक नाही? मधुकररावांनी गोकाकच्या बाजूला एका देवळात दुसरं लग्न लावलं. मुलगीही झाली." बाबा त्या दिवशी घरी आले ते पायतण न काढताच पाटावर बसले.

मी रडगाणं गात नाही. १९५४ पासून इथल्या टेलिफोनच्या कारखान्यात आहे. सकाळी कारखान्याची बस मल्लेश्वरमहून उचलते आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला नेते. एका लांबच लांब खोलीत आम्ही साठ बायका ओळीनं बसतो. टेलिफोनच्या आत पितळेच्या नखाएवढ्या पट्ट्या असतात, त्यांच्यातलं अंतर नेमकं राखायचं. केसाएवढी चूक झाली तरी बोलणं तुटतं. साहेब म्हणतात, हे काम बायकांच्याच बोटांना जमतं. तुमच्या हाताखाली शेवया वळल्या त्याचा हा उपयोग.

गेल्या वर्षी संध्याकाळच्या तांत्रिक वर्गाचा अर्ज भरायला घेतला. त्यात एक ओळ होती : विवाहित असल्यास पतीची संमती व सही. मी त्या ओळीशी अडले. अर्ज तसाच परत केला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या रस्त्यावरच्या वकीलबाई राजलक्ष्मी अम्मा यांच्याकडे गेले. त्यांनी सांगितलं, आता नवा कायदा झालाय. नवऱ्यानं दुसरा संसार थाटला तर बायकोला कोर्टाकडून सुटका मागता येते. लग्न मल्लेश्वरममध्ये लागलं होतं, म्हणून दावाही इथेच चालतो. बाबा आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी स्वतःच म्हणाले, "चल, कागदावर माझीही सही लागत असेल तर करतो."

दावा दाखल झाला आहे. पण दुसरं लग्न झालं हे दाखवायचं कसं? देवळातलं लग्न, कागद नाही, आणि तो व्यापारी कोर्टाचं नाव काढताच पाय मागे घेतो. त्याच्याच सांगण्याप्रमाणे ते लग्न पाहिलेलं घरचं माणूस एकच, तुम्ही. तुमच्या मुलाला तुरुंगात घालायची माझी इच्छा नाही. फौजदारी मी करणार नाही, हा शब्द देते. मला फक्त मोकळं व्हायचं आहे.

साडेतीन वर्षं मी तुमच्या घरात होते. मूल नाही म्हणून गावानं नावं ठेवली, तुम्ही एकदाही ठेवली नाहीत. दळताना माझा हात दुखला की जातं स्वतःकडे ओढून घ्यायच्या. तेवढ्या आधारावर हे पत्र लिहायचं धाडस केलं.

आपली,
प्रमोदिनी

·

संकेश्वर
२१ फेब्रुवारी १९५७

चि. सौ. प्रमोदिनीस अंबुबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या एका लेकीनं वाचून दाखवलं. हेही तीच लिहिते आहे. अक्षर चांगलं आहे तिचं, मन घाबरं आहे.

तू नोकरी करतेस, हे ऐकून बरं वाटलं. बाकी पत्र मी दोनदा वाचून घेतलं. मी अडाणी बाई. कोर्ट कसं असतं ते मी पाहिलेलं नाही. मधुकर माझा एकुलता एक. त्याच्या घरात राहते, त्यानं आणलेलं खाते. तुझे सासरे आप्पाजी गेले आणि त्यांच्यामागे माझा होता तो मानही उरला नाही. मुलाच्या विरुद्ध उभी राहून मी काय बोलू? तू शहाणी आहेस, तूच सांग.

एक मात्र सांगते, कारण ते चार वर्षं घशात अडकलंय. तुला मोटारीत बसवलं तेव्हा न्यायला कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं. मी तुझ्या ओटीत नारळ घातला, खोटं हसले आणि परत आले. यापुढे काही विचारू नकोस.

मला साक्षीला ओढू नकोस, बाई.

आशीर्वाद.

·

मल्लेश्वरम, बेंगळूर
२८ मार्च १९५७

सासूबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. तुम्हाला ठाऊक होतं. बरं झालं सांगितलंत. त्या दिवशी मोटार हुक्केरीपर्यंत जाईतो मी मागे वळून पाहत होते. आता निदान ते कशासाठी होतं ते कळलं.

पुन्हा लिहिणार नव्हते. पण काल तुमच्या चिरंजीवांनी कोर्टात दिलेल्या उत्तराची नक्कल आली. इंग्रजीत आहे, बाबांनी वाचून अर्थ सांगितला. तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिते. ते म्हणतात, दुसरं लग्न झालेलंच नाही. घरात वसुमती नावाची जी स्त्री आहे ती लांबची नातलग, आईच्या शुश्रूषेसाठी आणि स्वयंपाकासाठी आणलेली. तिची मुलगी तिच्या वारलेल्या नवऱ्याची. आणि बायको काही कारण नसताना माहेरी बसली आहे, तिला नांदायला पाठवण्याचा हुकूम व्हावा.

राजलक्ष्मी अम्मा म्हणाल्या की साक्षीदार मिळाला नाही तर असा हुकूम होऊही शकतो. म्हणजे ज्या घरातून मला नारळ देऊन काढलं, त्याच घरात सरकारी कागदानं परत यायचं. का, तर दोन लग्नं केल्याबद्दल त्यांना शिक्षा होऊ नये म्हणून.

त्या बाईला मी पाहिलेलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही. दुसरीच्या उष्ट्या पाटावर येऊन बसताना जिला काही वाटलं नाही, तिला कागदावर काय लिहिलंय त्याचं काय वाटणार.

तुमच्यावर रागवावं असं वाटतं, पण राग नीट येत नाही. शेजारच्या लेकीला माझे आभार सांगा. तिच्यामुळे निदान तुमचा आवाज तरी ऐकू आला.

प्रमोदिनी

·

संकेश्वर
१२ जून १९५७

चि. प्रमोदिनीस आशीर्वाद.

उत्तराला अडीच महिने लागले. त्याचं कारण या पत्रात येईल. सावकाश वाच.

आधी माझं ऐक. माझी एक आत्या होती, दहाव्या वर्षी विधवा झालेली. परसदारी न्हावी आला की आम्हा पोरींना आत कोंडत. ती पंगतीला बसलेली मी कधी पाहिली नाही. तिनं काय चूक केली असं मी आईला विचारलं, तर आईनं तोंडावर हात ठेवला. अकराव्या वर्षी माझं लग्न आप्पाजींशी झालं. ते तिशीचे. घरात त्यांची पहिली बायको होती, भागुबाई. तिला मूल नाही म्हणून मला आणलं. मला हळद लावली ती भागुबाईनंच. तिला कुणी विचारलं नाही, मलाही नाही. बऱ्याच वर्षांनी मधुकर झाला आणि मी तापानं दोन महिने अंथरुणात पडले. त्या वेळी तिनं त्याला शेळीच्या दुधावर जगवलं. मी बरी झाले तसा तिनं तो माझ्या मांडीवर ठेवला आणि आपल्या मागच्या खोलीत गेली. तीस वर्षं ती त्या खोलीत राहिली. तिला दुःख आहे हे मला दिसायचं. मी नजर दुसरीकडे वळवायची, कारण पाहिलं असतं तर मला त्या घरात सुखानं जेवता आलं नसतं. शेवटच्या आजारात ती म्हणाली, "अंबू, तू वाईट नव्हतीस. पण तू कधी विचारलं नाहीस."

मधुकरनं त्या देवळात मला उभं केलं तेव्हा भागुबाई आठवली. तरीही मी अक्षता टाकल्या. नाही म्हणायची सवय हाताला नव्हती.

आता दुसरं. शेजारची लेक असं कुणी नाही. तुझी पत्रं वाचणारी आणि ही लिहिणारी वसुमती आहे. हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावलं. या घरात अक्षर येणारी माणसं दोनच, एक तो आणि एक ही. त्याला सांगू शकत नव्हते, म्हणून हिला सांगितलं.

तुझं मार्चातलं पत्र आलं तेव्हा तिची शुभदा भात खात होती. वसुमती वाचत वाचत "स्वयंपाकासाठी आणलेली" इथवर आली आणि थांबली. मी म्हटलं, "राहू दे गं." ती म्हणाली, "नाही आई, पुरतं वाचते." मग मुलीबद्दलचं वाचलं. तिच्याविषयी तू लिहिलेलं, पाटाचं, तेही वाचलं. एक अक्षर गाळलं नाही. पत्राची घडी करून माझ्या हातात दिली आणि मुलीचं तोंड धुवायला गेली.

अडीच महिने ती या विषयावर बोलली नाही. मीही विचारलं नाही. मग एका दुपारी शेंगा फोडत बसलो होतो, तेव्हा भागुबाईचं वाक्य माझ्या कानात आलं आणि मी विचारलं, "वसू, तुला काय वाटतं?" एवढंच. त्या पोरीनं टोपलं बाजूला ठेवलं आणि तासभर बोलली. शेवटी म्हणाली, "तुम्ही साक्षीला जा. मी तुम्हाला घेऊन जाते."

तर मी येते. तारीख कळव. पुढचं तिला तिचं लिहू दे.

आशीर्वाद.

*

अक्का, (दुसरं काय म्हणू ते सुचत नाही)

माझे आई-वडील लहानपणीच गेले. मामानं वाढवलं, सातवीपर्यंत शिकवलं. लग्न ठरवताना त्यांनी मामाला सांगितलं की पहिली बायको वारली. इथे येऊन महिना झाल्यावर तुमचं एक लुगडं पेटीत सापडलं. आईंना विचारलं, हे त्यांचं का? त्या म्हणाल्या, ती आहे, बेंगळूरला. तेव्हा माझ्या पोटात शुभदा होती.

तुम्ही लिहिलेलं मला लागलं, पण खोटं वाटलं नाही. मी तुमच्या जागी असते तर असंच लिहिलं असतं. त्यांनी कोर्टात लिहिलं ते मात्र खोटं आहे. मी नातलग नाही आणि शुभदाचा बाप जिवंत आहे.

वसुमती

·

मल्लेश्वरम, बेंगळूर
२५ जून १९५७

प्रिय वसुमती,

तुझं पत्र आल्याला चार दिवस झाले. रोज बसमध्ये मनात उत्तर लिहिते आणि घरी येऊन कागदापुढे बसले की काही राहत नाही. तेव्हा साधंच लिहिते. मला क्षमा कर. ज्या बाईला मी मनात रोज शिव्या दिल्या ती मला आजवर कुठे भेटलीच नव्हती. भेटली ती तू.

अक्का म्हण. मला आवडेल.

राजलक्ष्मी अम्मांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नीट समजून घ्या. पहिली बायको असताना लागलेलं वसुमतीचं लग्न कायदा मानत नाही. तुम्ही मोकळ्या झालात की वर्षभरानंतर त्यांना तिच्याशी रीतसर लग्न नोंदवता येईल. तोवर नाही. म्हणजे बघ, माझी सुटका झाल्याशिवाय तुझी होत नाही. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा या दाव्याची लाज वाटेनाशी झाली.

तारीख १४ ऑक्टोबर आहे. बेळगावहून गाडीत बसा आणि मोठ्या स्टेशनाच्या आधी यशवंतपूरला उतरा. मी आणि बाबा येतो. तुम्ही आमच्याच घरी राहायचं. शुभदासाठी दूध किती लागेल, भात मऊ लागतो का, ते कळव. सासूबाईंना नमस्कार. त्यांना सांग, त्यांनी विचारलं हे फार चांगलं केलं.

तुझी,
प्रमोदिनी

·

मल्लेश्वरम, बेंगळूर
२२ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या चरणी साष्टांग नमस्कार.

परवा निकाल लागला. मी मोकळी झाले. नांदायला पाठवण्याची मागणी फेटाळली. निकालपत्रात तुमचं नाव दोनदा आलं आहे. "या वृद्ध मातेच्या साक्षीवर अविश्वास दाखवण्याचं कारण दिसत नाही," असं न्यायाधीश साहेबांनी लिहिलंय.

ऑक्टोबरात तुम्ही इथे आठ दिवस होतात, पण कोर्टाच्या दिवसाबद्दल आपण बोललोच नाही. त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन नुसत्या पडून राहिलात आणि मला धीर झाला नाही. म्हणून आज लिहिते. तुम्ही पिंजऱ्यात उभ्या होतात. तुम्हाला समोरचे साहेब दिसत होते. मला बाकावरून तुम्ही दिसत होतात.

तुमचा पदर डोक्यावरून सारखा घसरत होता आणि तुम्ही तो सारखा ओढत होतात. साहेबांनी कानडीत विचारलं, तुम्ही आपल्याकडच्या कानडीत उत्तर दिलंत. त्यांना आधी ते कळेना. ते म्हणाले, "स्वल्प निधान," जरा सावकाश. तुम्ही म्हणालात, "सरी," आणि मग एकेक शब्द सुटा करून सांगितलात. वसुमतीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, या कोण? "माझी सून." माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, आणि या? "तीही माझी सून." साहेब म्हणाले, दोघी कशा? तेव्हा तुम्ही म्हणालात, "दोघींची लग्नं मी पाहिली. दोन्ही वेळा मी अक्षता टाकल्या. दुसऱ्या वेळी टाकायला नको होत्या."

साहेबांनी ते वाक्य स्वतःच्या हातानं लिहून घेतलं.

मग त्यांच्या वकिलानं विचारलं, "आजी, तुमच्या बोलण्यानं तुमचा मुलगा अडचणीत येईल, हे कळतं ना?" मला वाटलं, आता तुम्ही खचाल. तुम्ही कठड्याला हात धरला आणि म्हणालात, "त्याला जन्म मी दिला. खोटं बोलायला मी शिकवलं नाही. ते तो आपलं आपण शिकला असेल, तर निस्तरायलाही शिकू दे."

त्या वेळी मी तुमच्या चिरंजीवांकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला एवढंच वाटलं की या माणसाला आजवर कुणी जाब विचारलाच नव्हता, आणि पहिल्यांदा विचारला तो त्याच्या आईनं.

दुसरी आठवण यशवंतपूर स्टेशनची. तुम्ही उतरलात. वसुमती डब्याच्या दारातच उभी, खाली येईना. शुभदा तिच्या खांद्यावर झोपलेली. मी हात पुढे केले, तिनं मुलीला माझ्याकडे दिलं आणि मग स्वतः उतरली. मुलगी माझ्या खांद्यावर तशीच झोपून राहिली. तिच्या अंगाला तुमच्या घराच्या धुराचा वास होता. चार वर्षांत पहिल्यांदा मला त्या घराची आठवण येऊन बरं वाटलं.

बाबांनी निकाल ऐकला आणि विचारलं, "उद्या कामावर जायचं ना?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग डबा मीच भरतो." तुम्ही आठ दिवस स्वयंपाक केलात तेव्हापासून त्यांना माझ्या हातचं सार पांचट लागतं.

तांत्रिक वर्गाचा अर्ज पुन्हा भरला. ती ओळ मोकळी सोडली. कुणी काही विचारलं नाही.

सासूबाई, आता कायद्यानं तुम्ही माझ्या कुणी नाही. तरी नमस्काराचं पत्र मी तुम्हालाच लिहीत राहणार. नको असेल तर वसुमतीकरवी कळवा.

आपली,
प्रमोदिनी

·

संकेश्वर
९ ऑगस्ट १९५९

प्रिय अक्का,

साष्टांग नमस्कार. आई म्हणतात, पहिल्यांदा हे लिही : "पत्र नको म्हणणारी मी कोण? महिन्यातून एकदा न आलं तर मी मोटारीत बसून येईन." लिहिलं.

इतके दिवस घरातलं सगळं मी तुम्हाला कळवलं नाही. तुम्हाला वाटेल आमच्यामुळे हाल झाले, म्हणून. आता सांगते, कारण आता सांगता येतं.

साक्ष देऊन आम्ही परत आलो तेव्हा त्यांनी आईंशी बोलणं टाकलं. माझ्यावर ओरडले, "माझ्या घरात राहून माझ्याविरुद्ध गाडीत बसून जाता?" मी फार घाबरट आहे, तुम्ही पाहिलंच आहे. पण त्या दिवशी मी म्हटलं, "कागदावर मी नातलग आहे. मग आजपासून नातलगासारखी राहते. आईंचं करते, स्वयंपाक करते, तुम्ही लिहून दिलंय तेवढं सगळं करते. तुमचं ताट तुम्ही वाढून घ्या." मी, आई आणि शुभदा मागच्या खोलीत झोपायला लागलो. भागुबाईंची खोली ती. आई म्हणाल्या, "इथे मी आधीच यायला हवं होतं."

दीड वर्षाच्या वर असं चाललं. ते ताट वाढून घ्यायचे. पहिले काही दिवस मीठ कुठे असतं ते त्यांना सापडायचं नाही. आई समोर बसून पाहायच्या, सांगायच्या नाहीत.

शुभदा आता चार वर्षांची आहे. घरात काय बोलतात ते ती ऐकते. आषाढात एके दिवशी ते दुकानातून आले. ती अंगणात पानं गोळा करत होती. त्यांनी तिला उचलायला हात केले तर ती म्हणाली, "तुम्ही आमचे लांबचे नातलग ना?" रागानं नाही हो, अक्का. तिला खरंच तसं वाटत होतं.

ते पायरीवर बसले. मग आत येऊन आईंना म्हणाले, "तो नोंदणीचा कागद कुठे करतात?" दीड वर्षात आईंशी बोललेलं ते पहिलं वाक्य. आईंनी विचारलं, "मुलीसाठी करतोस की भीतीनं?" ते म्हणाले, "मला माहीत नाही. पण करतो." आई म्हणाल्या, "खरं बोललास. जेवायला बस." आणि ताट आईंनी वाढलं. मी अजून वाढलेलं नाही. कागद झाल्यावर वाढेन.

बेळगावच्या कचेरीत चौकशी केली. तीन साक्षीदार लागतात. एक आई. दुसरा माझा विठोजीमामा, त्याला कळल्यापासून तो रडतोच आहे, पण येईल. तिसरं माणूस गावात मिळत नाही. म्हणतात, चार वर्षांची मुलगी कडेवर घेऊन कसलं लग्न, आणि कोर्टकचेरीच्या माणसांत आम्हाला नको. आई म्हणाल्या, "तिला विचार." मी म्हटलं, असं कसं विचारू? आई म्हणाल्या, "विचारायला काय लागतं ते मला विचार. मला साठ वर्षं लागली."

म्हणून विचारते. तुम्ही याल का? नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही.

तुमची,
वसुमती

·

मल्लेश्वरम, बेंगळूर
१० जानेवारी १९६०

तीर्थस्वरूप सासूबाईंच्या चरणी साष्टांग नमस्कार.

काल सकाळी सुखरूप पोचले. बाबा स्टेशनवर आले होते. वसुमतीनं दिलेल्या शेंगाचटणीची पुडी त्यांनी टांग्यातच उघडली.

बेळगावच्या त्या दोन दिवसांत तुमच्याशी निवांत बोलता आलं नाही. शुभदा मांडीवरून उतरेना आणि विठोजीमामा डोळे पुसायचे थांबेनात. तेव्हा राहिलेलं इथून लिहिते.

येताना गाडीत मला भीती वाटत होती. वसुमतीला हो असं उलट टपाली कळवलं होतं, पण कळवणं वेगळं आणि त्या खोलीत उभं राहणं वेगळं. ज्या माणसाशी माझं लग्न लागलं त्याच्या लग्नाला साक्षीदार म्हणून जायचं, असं कारखान्यात सांगितलं तर मैत्रिणी म्हणाल्या, तुला वेड लागलंय. एकीनं विचारलं, हे तू तिच्यासाठी करतेस की त्याला खाली पाहायला लावण्यासाठी? दावणगिरीपर्यंत मी त्याच प्रश्नाशी झगडत होते.

कचेरीत शिरल्यावर प्रश्न उरला नाही. वसुमतीनं निळं लुगडं नेसलं होतं आणि ती पहिल्यांदाच सरळ पाहत होती. अधिकाऱ्यांनी दोघांकडून शब्द वदवून घेतले. तिचा आवाज इतका स्पष्ट आला की शिपाईसुद्धा दारातून डोकावला. मग वही फिरवली. तुम्ही अंगठा उठवलात, मामांनी सही केली, वही माझ्यापुढे आली. अधिकारी म्हणाले, "बाई, पूर्ण नाव लिहा." मी वडिलांचं नाव लावून लिहिलं. माझ्या नावाच्या वर तिचं नाव होतं, सुंदर अक्षरात. तीन वर्षं तेच अक्षर तुमच्या बोलण्याचं म्हणून मी वाचत आले होते.

तुमच्या आत्यानं पंगत पाहिली नाही. भागुबाईंना कुणी विचारलं नाही. तुम्हाला नाही म्हणायला साठी उलटावी लागली. मला पंचविशीनंतर एक कायदा मिळाला, एक वकीलबाई मिळाली, बाबा मिळाले. शुभदाला काय मिळेल ते मला दिसत नाही, पण ती विचारते आहे हे मी पाहिलं. हे सगळं एका माणसाचं नाही, सरकारचंही आहे, काळाचंही आहे. तरी कायदा कागदावरच राहिला असता, तुम्ही त्या गाडीत बसला नसतात तर. माझ्यावर तुमचे उपकार आहेत, असं मी तोंडानं म्हटलं असतं तर तुम्ही हात झटकला असतात. पत्रात झटकता येत नाही, म्हणून लिहिते.

कारखान्याचं सांगायचं राहिलं. वर्गाची परीक्षा पास झाले, आता बारा मुलींच्या टेबलावर देखरेख माझ्याकडे आहे. त्यांतली एक रायचूरकडची आहे. नवऱ्यानं टाकलेली. कुणाशी बोलत नाही. पुढच्या आठवड्यात तिला घरी जेवायला बोलावलं आहे. काही शिकवायला नाही. नुसतं विचारायला.

आणखी एक, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल ते. सह्या झाल्यावर तुम्ही आणि वसुमती शुभदाला घेऊन बाहेर गेलात, मामा पेढे आणायला गेले. खोलीत मी आणि मधुकरराव दोघंच राहिलो. त्यांचे केस कानांजवळ पांढरे झालेत. ते खिडकीकडे पाहत होते. मग वळले आणि म्हणाले, "बरी आहेस ना?"

सात वर्षांनी बोललेलं वाक्य. रागानं काही बोलावं अशी किती वाक्यं मी बसमध्ये जुळवून ठेवली होती. त्यांतलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "बरी आहे."

लोक एकमेकांना म्हणतात तसं मी म्हटलं नाही, सासूबाई. मी क्षणभर थांबले, स्वतःच्या आत पाहिलं, आणि तसं होतं म्हणून तसं सांगितलं.

तुमची,
प्रमोदिनी